चार शतकांचे चर्च, दोन शतकांची वस्ती : पणजीच्या फोंताइनास परिसराचा वारसा आणि त्यापुढील प्रश्न

पणजी : गोव्याच्या राजधानीचे चित्र म्हणून देशभरात जी छायाचित्रे प्रसिद्ध होतात, त्यांतील बहुतेकांत एक पांढरीशुभ्र वास्तू हमखास असते. नागमोडी पायऱ्यांच्या माथ्यावर उभे असलेले हे निष्कलंक गर्भसंभव मातेचे चर्च होय. या चर्चच्या मागील बाजूने पूर्वेकडे चालत गेल्यास काही मिनिटांतच अरुंद गल्ल्या, पिवळ्या, निळ्या आणि तांबड्या रंगांच्या भिंती, कौलारू छपरे आणि रस्त्यावर झुकलेले सज्जे असलेली वस्ती सुरू होते. तिचे नाव फोंताइनास. चर्च आणि वस्ती यांचा इतिहास परस्परांत गुंफलेला आहे. मात्र दोहोंची आजची स्थिती सारखी नाही. चर्चमध्ये नित्य प्रार्थना होते, वार्षिक उत्सवाला गर्दी लोटते आणि वास्तूची देखभालही नियमितपणे होते. फोंताइनासमधील अनेक घरांना मात्र कुलपे लागली आहेत, काही घरांची अतिथिगृहे झाली आहेत आणि उरलेल्या रहिवाशांना दारासमोरील पर्यटकांच्या गर्दीशी रोज जुळवून घ्यावे लागत आहे. वारसा म्हणजे नेमके काय आणि तो जपायचा कोणी, हा प्रश्न त्यामुळे येथे पुस्तकी राहिलेला नाही.

शहराच्या आधीचे चर्च

एखादे शहर वसते आणि मग त्यात प्रार्थनास्थळे उभी राहतात, असा सर्वसाधारण क्रम असतो. पणजीत तो उलटा दिसतो. अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा बेट जिंकले, तेव्हा पणजी हे मांडवी नदीच्या मुखाजवळचे एक छोटे गाव होते. नारळाची कुळागरे, दलदलीची जमीन, कोळ्यांची वस्ती आणि नदीकाठचा आदिलशहाचा राजवाडा एवढेच त्याचे स्वरूप होते. पोर्तुगीजांची राजधानी येथून पूर्वेस, मांडवीच्याच काठी होती. ती आज जुने गोवे म्हणून ओळखली जाते.

टेकडीच्या पायथ्याशी १५४१ मध्ये एक चॅपेल बांधण्यात आले. १६०० मध्ये त्याला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मिळाला आणि १६१९ मध्ये जुन्या जागी मोठ्या चर्चची उभारणी झाली. आजच्या वास्तूची मूळ घडण त्या काळातील आहे. या स्थळाचे महत्त्व त्याच्या भौगोलिक स्थानात होते. लिस्बनहून निघालेली गलबते अनेक महिन्यांचा धोक्याचा प्रवास करून मांडवीत शिरत, तेव्हा राजधानी गाठण्यापूर्वी पणजी लागे. प्रवास सुखरूप पार पडल्याबद्दल खलाशी येथे उतरून मारियामातेचे आभार मानत आणि मग पुढे जात, अशी परंपरा सांगितली जाते. थोडक्यात, हे चर्च ज्या शहराचे आज हृदय मानले जाते, ते शहर अस्तित्वात येण्याच्या दोन शतके आधीपासून ते तेथे उभे आहे.

चर्चच्या नावामागेही एक इतिहास आहे. मारिया ही जन्मापूर्वीपासूनच मूळ पापापासून मुक्त होती, ही श्रद्धा कॅथलिक पंथात फार जुनी आहे. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये तिला अधिकृत धर्मसिद्धांताचा दर्जा दिला. पोर्तुगालमध्ये मात्र त्याच्या दोन शतके आधी, १६४६ मध्ये, राजा चौथा जुआंव याने याच स्वरूपातील मारियेला राज्याची संरक्षक म्हणून घोषित केले होते. पोर्तुगीज सत्तेखालील प्रदेशांत या नावाची चर्च ठिकठिकाणी आढळतात, त्याचे कारण या राजमान्यतेत आणि त्याहीपूर्वीच्या लोकश्रद्धेत सापडते.

पायऱ्या आणि घंटा

चर्चचे आज सर्वांत ओळखले जाणारे अंग म्हणजे त्याच्या समोरील दुहेरी, वळणे घेत चढणाऱ्या पायऱ्या. त्या मूळ बांधकामाचा भाग नसून अठराव्या शतकात जोडल्या गेल्या. तीव्र चढाच्या जागी सरळ जिना बांधण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळणारा जिना केल्यामुळे चढण सोपी झाली आणि सण-उत्सवातील मिरवणुकीला जणू एक रंगमंच लाभला. अंतर्भाग तुलनेने साधा आहे. मुख्य वेदी मारियामातेला अर्पण केलेली असून तिच्या दोन्ही बाजूंच्या वेदींवर क्रुसावरील ख्रिस्त आणि जपमाळेची माता यांची स्थापना आहे. वेदींवरील सोनेरी मुलाम्याचे लाकडी कोरीवकाम हे या दालनाचे खरे वैभव आहे.

दर्शनी भागाच्या मध्यभागी, कळसाच्या कमानीत टांगलेली मोठी घंटा या चर्चची मूळची नव्हे. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. एकेकाळी पूर्वेकडील भव्य धार्मिक वास्तूंत गणल्या जाणाऱ्या या मठाला १८३५ मध्ये उतरती कळा लागली. पोर्तुगालमधील उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ ओस पडले. १८४२ मध्ये ऑगस्टिनियन चर्चचे छत कोसळले. त्याच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आजही जुन्या गोव्यात उभा आहे. तेथील प्रचंड घंटा काही काळ आग्वाद किल्ल्यावरील दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये आणण्यात आली आणि तिच्यासाठी दर्शनी भागात खास कमान उभारण्यात आली. सुमारे सव्वादोन टन वजनाची ही घंटा आकाराने गोव्यात दुसऱ्या क्रमांकाची मानली जाते. पहिला मान जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या ‘सोनेरी घंटे’कडे जातो. पणजीच्या चर्चची आजची परिचित आकृती अशा रीतीने तीन वेगवेगळ्या शतकांत साकारली आहे. वारसा वास्तू एका क्षणी घडून कायमची गोठत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

राजधानी का हलली?

पणजीचे भाग्य उजळले ते जुन्या गोव्याच्या ऱ्हासामुळे. साथीचे रोग, दूषित पाणी, नदीच्या पात्रात साचणारा गाळ आणि पोर्तुगालच्या सागरी व्यापाराची घसरण यांमुळे सतराव्या शतकापासूनच ते वैभवशाली नगर रिकामे होऊ लागले होते. पणजी समुद्राच्या जवळ होती आणि तेथील हवा तुलनेने चांगली मानली जात असे. जुने गोवे आणि पणजी यांना जोडणारा जांभ्या दगडाचा लांबलचक बांधवजा पूल १६३३-३४ च्या सुमारास व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिश याच्या काळात बांधला गेला. रायबंदर आणि पणजी यांच्यामधील दलदल ओलांडणारा हा मार्ग आजही वाहतुकीखाली आहे.

१७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात हलवले. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दॉम मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत दलदलीत भराव घालून सरळ रस्ते आखण्यात आले आणि सरकारी इमारती उभ्या राहिल्या. १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजीला शहराचा दर्जा मिळाला, ‘नोव्हा गोवा’ असे नाव मिळाले आणि ती औपचारिकरीत्या राजधानी झाली. नवे शहर आखताना टेकडीच्या पायथ्याचे चर्च आपोआपच त्याच्या मध्यभागी आले. त्याच्यासमोर चौक झाला, चौकापलीकडे सार्वजनिक उद्यान झाले. गोव्यात राहून औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये प्रसिद्ध करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचे नाव या उद्यानाला देण्यात आले. उद्यानातील स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. गोवामुक्तीनंतर त्या जागी अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आली.

नारळाच्या बागेतून उभी राहिलेली वस्ती

नव्या राजधानीला अधिकारी, कारकून, शिक्षक, छापखान्यातील कामगार, व्यापारी आणि कारागीर हवे होते. त्यांच्या राहण्याची सोय ज्या भागात झाली, त्यांत फोंताइनास प्रमुख होते. अल्तिन्हो टेकडीचा पूर्व उतार आणि ओरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियु जुआंव द सिक्वेरा या गोमंतकीयाने येथे नारळाची बाग उभी केल्याचे सांगितले जाते. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतल्यामुळे लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ‘फोन्ते फेनिक्स’ या झऱ्यामुळे परिसराला ‘लहान झरे’ या अर्थाचे फोंताइनास हे नाव मिळाले. गोड्या पाण्याचा बारमाही स्रोत आणि राजधानीचे सान्निध्य या दोन कारणांनी बागेच्या जागी हळूहळू घरे आली.

ही वस्ती आखणीने घडलेली नाही. टेकडी आणि खाडी यांनी जेवढी जागा दिली, तेवढ्यात ती बसली. म्हणूनच दॉम मानुएलच्या काटकोनी रस्त्यांशी तिचे काही साम्य नाही. घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, भिंत थेट रस्त्याला लागते आणि वरच्या मजल्याचा सज्जा गल्लीवर सावली धरतो. चर्चची भिंत पांढरी आणि घरांची भिंत रंगीत, हा भेदही जुना आहे. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असावा आणि घरमालकांनी पावसाळ्यानंतर आपापली घरे रंगवावीत, असा पोर्तुगीज काळातील दंडक होता, असे सांगितले जाते. दंडक केव्हाच संपला, पण सवय उरली आणि तीच आज वस्तीची ओळख झाली आहे.

रस्त्यांची नावे वाचली तरी शहराचा राजकीय इतिहास उलगडतो. फोंताइनासमधील प्रमुख रस्त्याचे नाव ‘३१ जानेवारी मार्ग’ आहे. पोर्तुगालमधील पोर्तू शहरात १८९१ साली याच दिवशी राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला होता आणि त्या देशातही या नावाचे रस्ते आढळतात. चर्चच्या परिसरातून निघणारा ‘१८ जून मार्ग’ मात्र वेगळ्या लढ्याची आठवण देतो. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी हक्कांसाठी सभा घेतली आणि गोवामुक्तीच्या चळवळीला नवे वळण मिळाले. चालत जाण्याच्या अंतरावर असलेले हे दोन रस्ते दोन देशांच्या इतिहासाची नावे धारण करून आहेत.

संत सेबॅस्टियनचे चॅपेल आणि उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त

फोंताइनासच्या दक्षिण भागात, एका छोट्या चौकाच्या टोकाशी संत सेबॅस्टियनचे चॅपेल आहे. एकोणिसाव्या शतकात उभारलेली ही वास्तू आकाराने लहान असली, तरी तिच्यातील एक क्रूस गोव्याच्या इतिहासातील अत्यंत कठोर पर्वाचा साक्षीदार आहे. क्रुसावरील ख्रिस्ताची मान सहसा झुकलेली आणि डोळे मिटलेले दाखवतात. येथील मूर्तीची मान ताठ असून डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मसमीक्षण न्यायालयाच्या, वाड्यातला. चौकशीसाठी उभ्या केलेल्या आरोपीच्या मनात धाक बसावा म्हणून मूर्ती अशी घडवली, असे परंपरेने सांगितले जाते.

गोव्यात हे न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले. १७७४ मध्ये ते बंद करण्यात आले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपुष्टात आले. नवख्रिस्ती झालेल्यांनी जुने रीतिरिवाज पाळले तरी त्यांच्यावर खटले भरले जात. हिंदूंच्या धार्मिक आचरणावरही त्या काळात कठोर निर्बंध होते. न्यायालय बंद झाल्यानंतर हा क्रूस पणजीच्या राजवाड्यातील चॅपेलमध्ये आला आणि १९१८ मध्ये तेथून फोंताइनासमध्ये हलवण्यात आला. ज्या वस्तूपुढे एकेकाळी लोक भयाने उभे राहत, तिच्यापुढे आज शेजारपाजारचे लोक मेणबत्ती लावतात. वारसा म्हटला की अभिमानाच्या गोष्टी आठवतात. अशा वेदनादायी स्मृतींची नोंद ठेवणे हेही वारसा जतनाचेच काम आहे.

एका टेकडीच्या भोवती

चर्चभोवतीचा परिसर केवळ कॅथलिकांचा कधीच नव्हता. चर्चपासून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचे मंदिर आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जिंकलेल्या प्रदेशाला ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. तेथील मंदिरे पाडली गेली होती आणि नवी बांधण्यास मनाई होती. त्या प्रदेशात १८१८ मध्ये मंदिर उभारण्याची परवानगी मिळाली, ती पणजीच्या महालक्ष्मीला. म्हणूनच गोव्याच्या धार्मिक इतिहासात या मंदिराला मैलाच्या दगडाचे स्थान आहे. फोंताइनासला लागून असलेल्या मळा भागात टेकडीवर मारुतीचे मंदिर आहे आणि तेथील जत्रा शहरातील मोठा लोकोत्सव असतो. शहराच्या जुन्या भागातच जामा मशीदही आहे.

डिसेंबरच्या ८ तारखेला चर्चचे वार्षिक फेस्त असते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालतात. चौकात आणि उद्यानाभोवती फेरी भरते, खाजे आणि लाडवांची दुकाने लागतात आणि खरेदीला सर्व धर्मांचे लोक येतात. चर्चमध्ये कोकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत मिस्सा होते.

मराठी भाषेचा गोव्याच्या चर्चशी असलेला संबंधही जुना आहे. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पणजीच्या चर्चची आजची वास्तू उभी राहण्याच्या तीनच वर्षे आधीची ही घटना. पुढे शिक्षण आणि रोजगारासाठी हजारो गोमंतकीय मुंबईला गेले, धोबीतलाव आणि माझगाव भागात त्यांनी आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ नावाच्या निवासी संस्था काढल्या. गोव्यातील घरे आणि बाहेर गेलेली माणसे हा धागा तेव्हापासूनचा आहे आणि फोंताइनासच्या आजच्या प्रश्नापर्यंत तो पोहोचतो.

जांभा, चुना आणि पाऊस

या वस्तीचे जतन अवघड का आहे, हे समजण्यासाठी तिच्या भिंती कशाच्या आहेत ते पाहावे लागते. गोव्यातील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आहेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कठीण होतो, पण सच्छिद्र राहतो. तो पाणी शोषतो आणि सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा दिला जाई. चुनाही ओलावा बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंत भिजली तरी हिवाळ्यात ती वाळते, अशी ही जोडी आहे. छपरावर मंगळुरी कौले, खाली लाकडी वासे आणि जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने असत. त्यांतून मंद उजेड येई आणि ऊन अडत असे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा हवामानात दरवर्षी कौले फिरवणे, वासे तपासणे आणि भिंतींना चुना लावणे अपरिहार्य ठरते. हे काम जाणणारे कारागीर कमी झाले आणि चुन्याच्या जागी सिमेंट आले. सिमेंटचा थर ओलावा आतच कोंडतो. जांभ्यातील क्षार गिलाव्यामागे साचतात, पोपडे सुटतात आणि आतील चिरा भुसभुशीत होतो. वर प्लास्टिक रंग दिला की भिंत काही दिवस सुंदर दिसते, मात्र तिचे आयुष्य घटते. छायाचित्रात चकचकीत दिसणारे घर आणि निरोगी घर यांत फरक असू शकतो, तो इथे.

त्यातच फोंताइनास सखल भागात आहे. ओरेंच्या खाडीला भरती-ओहोटी येते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यामुळे येथील वारसा जतनाचा प्रश्न शहराच्या सांडपाणी आणि जलनिस्सारण व्यवस्थेशीही जोडलेला आहे. पणजीची निवड २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानात झाली आणि त्यानंतर शहरात मलनिस्सारण वाहिन्या आणि रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. जुन्या, पाया उथळ असलेल्या भिंतींच्या शेजारी खोदकाम करताना किती काळजी घ्यावी लागते, हा धडा अशा प्रत्येक कामात महत्त्वाचा ठरतो.

एक घर, अनेक मालक

घरांना कुलपे का लागतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी वारसाहक्कात आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा कायम आहे. १८६७ च्या या संहितेनुसार विवाहानंतर पती-पत्नी सामान्यतः मालमत्तेचे समान मालक असतात आणि मृत्युपत्र करणाऱ्यालाही मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखून ठेवावाच लागतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. वारसासंबंधीच्या तरतुदी आता गोवा विधानसभेने २०१२ मध्ये केलेल्या कायद्यात समाविष्ट झाल्या आहेत, तथापि मूळ तत्त्व तेच आहे. स्त्रियांच्या हक्कांच्या दृष्टीने ही व्यवस्था देशभरात वाखाणली जाते. तिचा एक व्यावहारिक परिणाम मात्र असा की, तीन-चार पिढ्यांत वाटणी झाली नाही, तर एका लहानशा घराचे डझनावारी हिस्सेदार होतात.

हे हिस्सेदार एका गावात राहत नाहीत. कोणी मुंबईत, कोणी आखाती देशांत, कोणी लिस्बनमध्ये किंवा लंडनमध्ये असतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग उपलब्ध असल्याने स्थलांतराला आणखी गती मिळाली. छप्पर दुरुस्त करायचे तर खर्च कोणी करायचा, घर विकायचे तर सर्वांच्या सह्या कशा मिळवायच्या, हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळतात. दरम्यान पाऊस थांबत नाही. दुसऱ्या बाजूला, जी घरे जुन्या भाडेकरूंच्या ताब्यात आहेत, तेथे अल्प भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नाही. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले, परंतु इमारतीच्या देखभालीचा तिढा सुटला नाही. वारसा जतनाच्या चर्चेत रंग आणि शैली यांवर भर असतो. फोंताइनासमध्ये मात्र अनेकदा घराचे भवितव्य मालकी हक्काच्या कागदपत्रांवर अवलंबून असते.

पाहुण्यांची गर्दी

ज्या घरांच्या मालकीचा प्रश्न सुटतो, त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. अतिथिगृह, उपाहारगृह, कलादालन किंवा वस्त्रदालन असा नवा वापर सुरू होतो. याला सरसकट दोष देता येत नाही. पडायला आलेली कित्येक घरे अशा वापरामुळेच उभी राहिली, कारागिरांना काम मिळाले आणि स्थानिकांना उत्पन्नाचे साधन लाभले. गोवा हेरिटेज अ‍ॅक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी फोंताइनासमध्ये कलामहोत्सव भरवले. त्यांत रहिवाशांनी आपली घरेच प्रदर्शनासाठी खुली केली. जुने घर म्हणजे ओझे नसून ठेवा आहे, ही जाणीव त्यातून रुजली.

समाजमाध्यमांच्या काळात मात्र गर्दीचे स्वरूप पालटले. लग्नापूर्वीची छायाचित्रे, जाहिरातींचे चित्रण आणि झटपट चित्रफिती यांसाठी दिवसभर लोक येतात. कोणाच्याही पायरीवर बसणे, सज्जाखाली उभे राहणे, खिडकीतून आत डोकावणे हे प्रकार वाढले. घरांपुढे छायाचित्रे न काढण्याची विनंती करणाऱ्या पाट्या अनेक ठिकाणी लागल्या आहेत. अरुंद गल्ल्यांत वाहने उभी केल्याने रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन गाडीला वाट मिळणे कठीण होते. चर्चच्या पायऱ्यांवरही हाच पेच आहे. भाविकांसाठी ती प्रार्थनास्थळाची वाट असते, तर पाहुण्यांसाठी छायाचित्राची पार्श्वभूमी.

रहिवासी निघून गेले, तर काय होते, याचा विचार चर्चच्या दृष्टीनेही करावा लागतो. धर्मग्राम म्हणजे केवळ वास्तू नव्हे. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी, फेस्ताची वर्गणी आणि गायनवृंद यांतून ते चालते आणि त्यासाठी आसपास कुटुंबे राहावी लागतात. गोव्यातच याचे उदाहरण आहे. जुन्या गोव्याची भव्य चर्च आजही उभी आहेत, कारण त्यांच्या संरक्षणाची शासकीय व्यवस्था झाली, परंतु त्यांच्या भोवतीचे नगर मात्र शिल्लक राहिले नाही. पणजीच्या चर्चचे वेगळेपण हे की, त्याच्या भोवती अजून वस्ती आहे.

नियम काय सांगतात?

फोंताइनास हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याचा उल्लेख पर्यटनाच्या साहित्यात वारंवार आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. १९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्च आणि मठ’ या शीर्षकाखाली ज्या वास्तूंचा समावेश झाला, त्या जुन्या गोव्यातील आहेत. पणजीचे चर्च किंवा फोंताइनास त्या यादीत नाही. फोंताइनास आणि परिसराला मिळणारे संरक्षण राज्याच्या नगर नियोजनविषयक नियमांतून येते. या भागाचा समावेश संवर्धन क्षेत्रात असून तेथे पाडकाम, उंचीवाढ किंवा दर्शनी भागातील बदल यांसाठी सामान्य बांधकाम परवान्यापलीकडची छाननी अपेक्षित असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो. खासगी घराची देखभाल घरमालकालाच करावी लागते. नियम त्याला काय करू नये ते सांगतात, मात्र काय करावे आणि त्यासाठी पैसा कोठून आणावा, याची सोय अपुरी आहे. सिमेंटऐवजी चुना वापरावा, ही अपेक्षा रास्त आहे, परंतु चुन्याचे काम महाग पडते आणि गवंडी शोधावा लागतो. मालमत्ता करातील सवलत, दुरुस्तीसाठी अनुदान, पारंपरिक बांधकामाचे प्रशिक्षण, व्यावसायिक वापराला मर्यादा, वाहनबंदीच्या वेळा आणि चित्रणासाठी परवानगी यांसारखे उपाय जगातील अनेक जुन्या शहरांनी कमी-अधिक यशाने वापरले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार पणजी शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. एवढ्या छोट्या शहरात काही शे घरांच्या वस्तीसाठी अशी व्यवस्था उभारणे अशक्यप्राय नाही.

त्यासाठी क्रम मात्र ठरवावा लागेल. प्रथम येथे राहणाऱ्या कुटुंबाला राहणे परवडले पाहिजे आणि सुसह्य झाले पाहिजे. घर वापरात राहिले की त्याचे छप्पर वेळेवर शेकारले जाते आणि गळती पहिल्याच पावसात लक्षात येते. दुरुस्तीचा निर्णय दूरदेशीच्या हिस्सेदाराच्या पत्राची वाट पाहत बसत नाही. पाहुण्यांनाही यात वाटा उचलता येतो. गल्लीत आवाज न करणे, परवानगीवाचून कोणाच्या दारात उभे न राहणे आणि वाहन मुख्य रस्त्यावर ठेवून पायी फिरणे, इतके पथ्य पाळले तरी रहिवाशांचा बराच त्रास कमी होईल.

पणजीच्या चर्चने चार शतकांत सत्तांतर, राजधानीचे स्थलांतर आणि मुक्तिलढा पाहिला. त्याला टिकवले ते त्याच्याकडे नित्य येणाऱ्या लोकांनी. फोंताइनासच्या घरांनाही तोच नियम लागू आहे. येत्या ८ डिसेंबरच्या फेस्ताला चर्चच्या पायऱ्या पुन्हा गजबजतील. त्या गर्दीत शेजारच्या गल्ल्यांतून चालत आलेली कुटुंबे किती असतील, यावरून या वारशाची खरी प्रकृती कळेल.